अ‍ॅडकिन्सच्या खालचं नाव

कॉर्डेलिया हे गाव मुळात जळफळाटातूनच वसलं, असं म्हटलं तर कुणी रागावू नये. रेल्वे कंपनीला आपली इंजिनांची शेड मार्स्टनला बांधायची होती. मार्स्टनच्या शहाण्यांनी जमिनीचा भाव चढवून सांगितला. कंपनीचा साहेब भडकला, आणि कॅन्ससच्या नकाशावर जिथे विहीर नि गवत यापलीकडे काही नव्हतं तिथे बोट टेकवून म्हणाला, "इथे." गावाला त्यानं आपल्या मुलीचं नाव दिलं. ती मुलगी उभ्या जन्मात इकडे फिरकली नाही, ही गोष्ट वेगळी.

मग शेड आली, पाण्याची टाकी आली, कोळशाचे डोंगर आले, आणि आयरिश, जर्मन, बोहेमियन अशी मिळेल त्या जातीची माणसं आली. मार्स्टनकडे जिल्ह्याची कचेरी, कॉलेज नि दगडी चर्च, कॉर्डेलियाकडे धूर. धुणं वाळत घालायच्या आधी इथल्या बायका अंगणात उभ्या राहून वारा कुठून येतोय ते बघायच्या. मार्स्टनवाले इथल्यांना 'काळ्या कॉलरची माणसं' म्हणायचे, आणि इथली माणसं पत्ता सांगताना मुद्दाम 'कॉर्डेलिया सिटी' म्हणायची. सिटी कसली बोडक्याची! दोन सिनेमाघरं आणि एक हॉटेल. पण कुणी नुसतं 'कॉर्डेलिया' म्हणालं की नाकाला मिरची झोंबायची.

अशा गावात माणसाची किंमत त्याच्या घरावरून ठरत नसते, अकलेवरूनही नाही. ती ठरते एकाच गोष्टीवरून: नोकरीला आधी कोण लागलं. शेडच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत ड्रायव्हरांची यादी लावलेली. वर जुने, खाली नवे. वरच्यानं हवी ती गाडी उचलायची, खालच्यानं उरलेली घ्यायची. वरच्याची गाडी कंपनीनं बंद केली की त्यानं खालच्याला उठवून त्याच्या जागेवर बसायचं, आणि खालच्यानं त्याच्या खालच्याला उठवायचं. न्हाव्याकडेसुद्धा यादीतला वरचा माणूस आत आला की खालचा आपणहून खुर्ची सोडायचा, अर्धी दाढी राहिली असली तरी.

एमिल झेलेन्का आणि रॉस्को अ‍ॅडकिन्स एकाच सकाळी, एकाच बाकावर बसून नोकरीला लागले. सन १९२०. एमिल तर रॉस्कोच्या आधी येऊन बसला होता. रॉस्को धापा टाकत आला नि म्हणाला, "सरक की रे जरा." एमिल सरकला. कारकुनाला जेवायची घाई. त्यानं दोघांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं टाकली आणि डबा उघडला. अ‍ॅडकिन्स वर, झेलेन्का खाली. झालं! त्या एका ओळीनं एमिलच्या आयुष्याचं वाटोळं केलं, असं एमिलचं म्हणणं. गावानं मात्र दोघांना मिळून 'ए-टू-झेड' असं नाव ठेवलं आणि वर्षानुवर्षं त्यावर हसून घेतलं.

आधी दोघांनी रात्रीच्या गाड्यांवर फायरमन म्हणून कोळसा टाकला, आणि वरचे जुने निवृत्त झाल्यावर ड्रायव्हर झाले. लाइनीवर धरून ठेवण्यासारख्या गाड्या दोनच: मार्स्टनला जाऊन संध्याकाळी परत येणारी दिवसाची पॅसेंजर, आणि रात्रीची मालगाडी. रॉस्कोनं अर्थातच दिवस घेतला. एमिलच्या वाट्याला रात्र आली. मंदीच्या वर्षांत पॅसेंजरच्या फेऱ्या अर्ध्या झाल्या तेव्हा रॉस्कोनं मालगाडी घेतली नि एमिल परत फायरमन झाला, आणि तेही कुणाच्या इंजिनावर? रॉस्कोच्याच! तीन हिवाळे हा फावड्यानं कोळसा ओढतोय आणि तो खिडकीशी कोपर टेकून बसलाय. "एमिल, वाफ जरा कमी पडतेय हं," असं तो गोड आवाजात म्हणायचा. तो गोड बोलायचा हेच तर वाईट होतं. एखादा उर्मट असता तर एमिलनं त्याला शिव्या घालून मन मोकळं केलं असतं.

आणि व्हर्ना. व्हर्नाला शनिवारच्या नाचाला पहिल्यांदा नेलं ते एमिलनं. दोनदा नेलं. तिसऱ्या शनिवारी तो रात्रीच्या मालगाडीवर होता, चौथ्याही, पाचव्याही. रॉस्कोच्या संध्याकाळी रिकाम्या. वसंतात त्यांचं लग्न झालं. एमिल नवरदेवाच्या शेजारी उभा राहिला, केकचा तुकडा खाल्ला आणि नाच सुरू व्हायच्या आत ड्यूटीवर गेला. पुढे त्यानं लग्नच केलं नाही. दिवसा झोपणाऱ्या माणसाला पोरगी भेटणार कुठे, असं तो म्हणायचा. त्याची बहीण रोझी म्हणायची, "भेटली असती रे. पण तुझं लक्ष सगळं अ‍ॅडकिन्सच्या अंगणात."

हे सगळं मनात ठेवूनसुद्धा तो रॉस्कोचा मित्र होता. गावात दुसरा पर्याय काय? चर्च एक, युनियन एक, यादी एक.

तर सन बावन्नच्या उन्हाळ्यात कंपनीनं जाहीर केलं, की दिवसाची पॅसेंजर सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी बंद. लोक मोटारी घेऊन फिरायला लागले होते, गाडीत डबे जास्त नि माणसं कमी. त्याच दिवसापासून लाइनीवरची वाफेची इंजिनंही जाणार, मालगाड्यांना डिझेल येणार. गावाला धक्का बसला. मार्स्टनवाले खूष झाले असणार या विचारानं जास्तच बसला. नगरपालिकेनं बँड ठरवला, बायकांनी केक वाटून घेतले. आणि शेवटची गाडी कोण नेणार, हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही. अ‍ॅडकिन्स. दुसरं कोण?

एमिलला दुसरं काही नको होतं. बढती नको, पेन्शन राहू दे तिकडे. ती एक गाडी, एकदा, दिवसाउजेडी, सगळं गाव बघत असताना. त्याला स्वप्नातसुद्धा ती गाडी दिसायची, आणि स्वप्नातही खिडकीत रॉस्कोच बसलेला असायचा.

गाडी बंद व्हायच्या दोन आठवडे आधी एका दुपारी दार वाजलं. एमिलच्या खिडकीला पाटी होती: 'रात्रीचा माणूस झोपला आहे.' अशा पाट्या या गावात प्रत्येक गल्लीत. पोरंसुद्धा त्या बघून पाय न वाजवता जातात. तरी दार वाजलं, म्हणजे रॉस्कोच असणार.

"झोपला होतास का?" रॉस्को म्हणाला.

"नाही, कोंबड्या मोजत होतो," एमिल म्हणाला. "ये. बस."

रोझीनं कॉफी ठेवली आणि मनुका भरून भाजलेल्या कोलाचांचं ताट पुढे केलं. रॉस्कोनं दोन खाल्ल्या, ओठ पुसले, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी त्या शनिवारी रजा टाकलीय."

"कुठल्या शनिवारी?"

"त्याच रे. पाठ दुखतेय."

"तुझी पाठ?" एमिल म्हणाला. "तुझ्या पाठीला काय धाड भरलीय? जन्मभर खुर्चीत तर बसलायस!"

"एमिल!" रोझी ओरडली.

रॉस्को हसला. "दुखते म्हणतो ना मी. मग गाडी यादीत खालच्याकडे जाईल. म्हणजे तुझ्याकडे."

एमिलला आनंद व्हायला हवा होता, पण झाला संताप. हा देतोय! हा कोण मला देणारा? बाकावर मी आधी बसलो होतो!

"का पण?" त्यानं विचारलं.

"का काय? हजारदा नेलीय मी ती गाडी. आणखी एकदा नेऊन काय मिळणार?" रॉस्को उठला, टोपी घातली. "तू ने. तुला बरं वाटेल."

तुला बरं वाटेल! एखाद्या आजाऱ्याला म्हणावं तसं. एमिलनं 'नको' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याच्याच तोंडून आलं, "बरं."

रॉस्को गेल्यावर तो कितीतरी वेळ टेबलावर मूठ आपटत बसला. "त्याला नको झाली म्हणून मला. त्याच्या ताटात उरलेलं खायचं मी. कायम!"

"मग जा आणि नाही म्हणून सांग," रोझी म्हणाली.

"का म्हणून नाही सांगू? माझा हक्क आहे तो."

"मग घे आणि गप्प बस. देवा रे, घेतलंस तरी रडतोस, नाही मिळालं तरी रडतोस! तुझ्यासारख्याला स्वर्ग मिळाला तर तू विचारशील, अ‍ॅडकिन्सला कितव्या मजल्यावर दिलाय."

आणि खरंच, ते एमिलला जाणून घ्यायला आवडलं असतं.

शनिवार उजाडला तो स्वच्छ, कोरडा. एमिलनं नवा ओव्हरऑल घातला, रोझीनं त्याच्या गळ्याला लाल रुमाल बांधला. शेडच्या पोरांनी इंजिन घासूनपुसून लख्ख केलेलं. फायरमन होता लेनर्ड स्टॅग, तिशीतला, बडबड्या. "मि. झेलेन्का, आज तुम्ही?" तो म्हणाला. "आणि रॉस्कोकाका?"

"पाठ दुखतेय."

"अरेरे! आजच?"

"आजच," एमिल म्हणाला, आणि त्यानं वाफ सोडली.

गावाबाहेर पडल्यावर एमिलला आधी काही कळेना. या रुळावरून तो गेली किती वर्षं गेला होता. कुठला चढ, कुठलं वळण, कुठे चाक कसं वाजतं हे त्याला झोपेत सांगता आलं असतं. पण त्यानं हे कधी पाहिलंच नव्हतं. दिव्याच्या झोतात दोन रूळ दिसतात, बाकी अंधार. आता त्याला दिसलं की तिसऱ्या मैलावर जिथे तो नेहमी वेग कमी करायचा तिथे नदीकाठी पांढरी शाळा आहे. चढाच्या दोन्ही अंगांना सूर्यफुलांची शेतं. पुलाखाली पाणी हिरवं. एका घराच्या ओसरीवर म्हातारी वाटाणे सोलत बसलेली, तिनं मान न उचलताच हात हलवला.

त्याला ते इतकं आवडलं, की पुढच्याच क्षणाला त्याचा जळफळाट झाला. हे सगळं रॉस्को रोज बघत होता! पगार घेऊन बघत होता! आणि घरी येऊन एका शब्दानं बोलला नाही. व्हर्नाचं दुःख एमिलनं केव्हाच पचवलं होतं, पण या सूर्यफुलांचं त्याला नव्यानं झोंबलं.

आणि मग सुरू झाली ती खरी विटंबना. पहिल्या ठेसनावर शाळेची पोरं रांगेत उभी. मास्तरणीनं खूण केली आणि पोरं एका सुरात ओरडली, "धन्यवाद, मि. अ‍ॅडकिन्स!"

लेनर्डनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"हसतोस काय? कोळसा टाक," एमिल म्हणाला.

दुसऱ्या ठेसनावर एक बाई सफरचंदाच्या 'पाय'ची थाळी घेऊन इंजिनाशी आली. चष्मा विसरली असावी. "रॉस्को," ती वर बघत म्हणाली, "एवढ्या वर्षांत एकदा उशीर केला नाहीस हो. माझा मुलगा तुझी शिट्टी ऐकून शाळेला निघायचा. घे, गरम आहे."

"बाई, मी…" एमिल म्हणाला. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं थाळी घेतली. "उपकार आहेत," तो पुटपुटला, आणि ती थाळी त्यानं लेनर्डच्या हातात अशी दिली, की जशी काही तिला आग लागली आहे.

"खाऊ का?" लेनर्ड म्हणाला.

"नदीत टाक. नाहीतर खा. मला विचारू नको."

मार्स्टनला तर कळस झाला. तिथल्या पेपरवाल्यानं इंजिनाच्या पायरीवर उभं करून त्याचा फोटो काढला आणि वहीत लिहीत म्हणाला, "अ‍ॅडकिन्समधे दोन डी, की एक?"

"झेलेन्का," एमिल म्हणाला. "झेड."

"काय?"

"झेड! झेड! शेवटचं अक्षर!"

पेपरवाल्यानं मान डोलावली, काहीतरी खरडलं. एमिलनं वाकून पाहिलं. 'शेवटच्या गाडीचे श्री. अ‍ॅडकिन्स भावनावश झाले,' असं लिहिलं होतं.

परतीच्या वाटेवर फाटकाफाटकाशी लोक उभे होते, टोप्या हलवत होते, रॉस्कोच्या नावानं हाका मारत होते. एमिलला वाटलं, गाडी मिळाली पण ती रॉस्कोचीच मिळाली. त्याचे कपडे अंगावर घातल्यासारखी. आता कॉर्डेलियाला बँड वाजेल, रॉस्को पुढच्या रांगेत हसत उभा असेल, लोक त्याच्या पाठीवर थाप मारतील नि म्हणतील, काय मन आहे या माणसाचं, गाडीसुद्धा देऊन टाकली! देण्यातही हाच वर. एमिलच्या मनात आलं, गाडी माळावर उभी करावी आणि चालत घरी जावं.

पण ड्रायव्हर तसं करत नाही. गाव दिसायला लागलं, टाकी दिसली, फलाट माणसांनी काळा झालेला दिसला. एमिलनं शिट्टी दिली. प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी वेगळी असते. रॉस्कोची आखूड नि ठसक्याची, एमिलची लांब, शेवटी खाली उतरत जाणारी. फलाटावर एक क्षण गडबड थांबली. ही दिवसाची शिट्टी नव्हती.

मग तो खिडकीतून बाहेर वाकला. फलाटावर इंजिन नेमकं कुठे थांबवायचं, तर टोकाच्या खांबाशी, म्हणजे मागचे डबे छपराखाली येतात. त्यानं ब्रेक हळूहळू लावायला घेतला, आणि तेवढ्यात त्याला रॉस्को दिसला.

रॉस्को पुढच्या रांगेत नव्हता. तो खांबाशी एकटा उभा होता, रविवारच्या सुटात, टोपी काढून. नगराध्यक्ष त्याला हाका मारत होते, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो गाडीकडेही बघत नव्हता. तो बघत होता एमिलच्या हाताकडे, ब्रेकवरच्या. आणि त्याचा स्वतःचा उजवा हात कोटाबाहेर, कमरेशी, हवेत हळूहळू वळत होता. एमिलच्या आधी थोडा. जणू तोच गाडी थांबवत होता.

एमिलनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा त्याच्या चांगल्याच ओळखीचा होता. रोज संध्याकाळी ड्यूटीवर निघताना, दाढी करताना, तो आरशात बघायचा तोच. ओठ घट्ट, डोळे बारीक, आणि गालावर काहीतरी कडू गिळल्याची रेघ. रॉस्को अ‍ॅडकिन्स जळत होता. एमिल झेलेन्कावर जळत होता!

गाडी थांबली, खांबाला बरोबर.

एमिलला वाटलं होतं, हा क्षण आला की तो गावभर नाचेल. तो नाचला नाही. कारण आता त्याला कळलं, की रॉस्कोनं दिलेलं उरलंसुरलं नव्हतं. नकोसं झालेलं नव्हतं. ताटातला पहिला घास होता तो, जिवावर आलं असताना दिलेला.

बँड सुरू झाला, लोक केकच्या टेबलाकडे वळले. नगराध्यक्षांनी छापील भाषणातून 'आपले लाडके रॉस्को' वाचायला सुरुवात केली आणि चूक कळल्यावर खोकले. एमिल खाली उतरला. व्हर्ना त्याच्यापाशी आली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "छान आणलीस, एमिल. आठवडाभर झोपला नाहीये हा. मी म्हटलं, जाऊन सांग ना की पाठ बरी झाली. तर म्हणे, आता दिलं ते दिलं." मग ती रोझीकडे गेली.

रॉस्को खांबापासून आला नि दोघं इंजिनाशी उभे राहिले. चाकांतून वाफ येत होती.

"थांबवलीस चांगली," रॉस्को म्हणाला.

"तू खूण करत होतास ना."

रॉस्कोनं आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो खिशात घातला. "मला वाटलं होतं, सोपं असेल. हजारदा नेलीय म्हणून. ती शिट्टी ऐकली आणि, एमिल, खरं सांगतो, तुला वरून खाली ओढावंसं वाटलं मला. अशी आग झाली इथे." त्यानं वास्कीटाच्या बटणावर बोट ठेवलं. "तुला… तुला हे रोज व्हायचं?"

एमिलनं खोटं बोलायचा विचार केला. "रोज," तो म्हणाला.

"सगळी वर्षं?"

"सगळी."

रॉस्कोनं गावाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हा गोड बोलणारा माणूस आता अगदी नव्यानं कामाला लागलेल्या पोरासारखा दिसत होता. "मग सवय होते का रे?"

"नाही," एमिल म्हणाला. "उठायचं, दाढी करायची, कामावर जायचं. जळत राहतं ते. काही अडलं तर मला विचार." त्यानं गळ्याचा लाल रुमाल सोडला नि त्यानं तोंड पुसलं. "यात मी तुझ्यापेक्षा बत्तीस वर्षं सीनियर आहे."